कॅलिफोर्नियात शौचालयाची पाटी बदलताना: कायदा एका ओळीचा, घोळ इंचांचा

कॅलिफोर्नियात तुमचं रेस्टॉरंट, दवाखाना, दुकान किंवा ऑफिस असेल आणि तिथलं शौचालय एका वेळी एकानेच वापरायचं असेल, तर त्यावर ‘मेन’ किंवा ‘विमेन’ अशी पाटी ठेवता येत नाही, ते सर्वांसाठी आहे असंच दाखवावं लागतं. सुरुवात शहरांनी केली. वेस्ट हॉलीवूडमध्ये २०१५ पासून असा नियम आहे, सॅन फ्रान्सिस्कोने तो २०१६ मध्ये केला. मग राज्याचा एबी १७३२ हा कायदा आला आणि १ मार्च २०१७ पासून सगळीकडे लागू झाला. त्यामुळे ‘आमच्या शहरात असला नियम नाही’ हे म्हणणं आता चालत नाही. राज्याच्या आणि स्थानिक सरकारी कार्यालयांनाही हाच कायदा आहे.

आधी तुमचं शौचालय या कायद्यात बसतं का ते बघा. जास्तीत जास्त एक कमोड आणि एक युरिनल, आणि वापरणाऱ्याला आतून लावता येईल अशी कडी, एवढीच व्याख्या आहे. कमोडशेजारी युरिनल असलेली जुनी ‘मेन्स रूम’ही यात येते. युरिनल काढायची गरज नाही, त्यासाठी प्लंबरवर उगाच पैसे घालवू नका. शेजारीशेजारी दोन खोल्या असतील, एक बायकांची आणि एक पुरुषांची, तर दोन्ही सर्वांसाठी करायच्या. एकच बदलून भागत नाही. यात तुमचाही फायदा आहे: एका दारापुढे रांग आणि दुसरी खोली रिकामी, हा प्रकार बंद होतो.

आता पाट्या. पाट्या दोन लागतात, एक दारावर आणि एक भिंतीवर, आणि दोघींचं काम वेगळं. बहुतेक गडबड इथेच होते, कारण लोक एकच पाटी घेतात आणि ती दारावर डकवून मोकळे होतात.

दारावरची पाटी म्हणजे नुसता आकार. कॅलिफोर्नियात पुरुषांसाठी त्रिकोण आणि स्त्रियांसाठी वर्तुळ अशी जुनी पद्धत आहे. सर्वांसाठी असेल तर वर्तुळावर त्रिकोण, टोक वर. वर्तुळाचा व्यास १२ इंच, जाडी पाव इंच, त्रिकोणाचीही जाडी पाव इंच, आणि त्रिकोण वर्तुळाच्या आत मावला पाहिजे. त्रिकोणाचा रंग वर्तुळावर उठून दिसायला हवा आणि वर्तुळाचा दारावर. पांढऱ्या दारावर पांढरं वर्तुळ आणि त्यावर निळा त्रिकोण दिसायला छान, पण नियमात नापास. पाटीचा मध्य जमिनीपासून ५८ ते ६० इंचांवर, आणि दाराच्या उभ्या मध्यरेषेपासून एक इंचापेक्षा जास्त सरकलेला नको. दाराची रुंदी मोजून मध्यावर पेन्सिलने खूण करा, मगच चिकटवा. नजरेच्या अंदाजाने लावलेली पाटी दीडदोन इंच सहज हलते.

विनाइलचा स्टिकर लावू नका, त्याला पाव इंचाची जाडी कुठून येणार? दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन मागवलेल्या पाट्यांवर बहुधा स्त्री-पुरुषांच्या आकृती असतात, वर्तुळ-त्रिकोण नसतो. एडीए हा अपंगांच्या हक्कांचा केंद्राचा कायदा हे आकार मागत नाही, कॅलिफोर्निया मागतं. म्हणून पाकिटावर ‘एडीए कम्प्लायंट’ छापलेलं असलं तरी इथे ते पुरत नाही. मागवताना ‘टायटल २४’ (कॅलिफोर्नियाचे बांधकाम नियम) हे शब्द शोधा.

भिंतीवरची पाटी हाताने वाचायची असते. उठावदार अक्षरं, सगळी कॅपिटल, उठाव निदान एक-बत्तिसांश इंच, उंची ५/८ ते २ इंच, खाली ब्रेल, पृष्ठभाग न चमकणारा. ती कडीच्या बाजूच्या भिंतीवर लावायची, बिजागरीच्या बाजूला नाही. सर्वात खालच्या ब्रेल ओळीचा पाया जमिनीपासून ४८ इंचांच्या वर आणि अक्षरांच्या सर्वात वरच्या ओळीचा पाया ६० इंचांच्या आत. पाटीसमोर जमिनीवर १८ बाय १८ इंच मोकळी जागा हवी आणि ती दार उघडण्याच्या वाटेत येता कामा नये. कारण साधं आहे: अंध माणूस पाटीच्या अगदी जवळ उभा राहून बोटांनी वाचतो, आणि त्याच क्षणी आतून कोणी दार ढकललं तर ते थेट त्याच्या तोंडावर बसतं. नेमकी याच जागेत कचऱ्याची बादली किंवा कुंडी ठेवलेली आढळते. ती हलवा.

मजकुराचं बंधन फारसं नाही. ‘रेस्टरूम’, ‘ऑल-जेंडर रेस्टरूम’, ‘युनिसेक्स’ यातलं काहीही चालतं. नुसतं ‘रेस्टरूम’ सर्वात बरं: कोणाला खटकत नाही आणि फॅशन बदलली तरी जुनं होत नाही. आकृती काढायचा हट्ट असेल तर तिला ६ इंच उंचीची चौकट आणि खाली उठावदार मजकूर हे दोन्ही द्यावं लागतं, म्हणजे पाटी मोठी आणि महाग.

कडी आतून लागली पाहिजे आणि एका हाताने, घट्ट न पकडता, मनगट न पिळता उघडली पाहिजे. गोल मुठीची कुलपं इथे बाद होतात, लांब दांड्याचा लीव्हर घ्या. उंची ३४ ते ४४ इंच. ‘आत कोणी आहे’ हे बाहेरून दाखवणारी लाल-हिरवी खूण असलेलं कुलूप थोडं महाग पडतं, पण वारंवार दार ठोठावणं थांबतं.

अनेक कमोडांच्या शौचालयाला एबी १७३२ लागू नाही, ते स्त्री-पुरुष वेगळं ठेवता येतं. मात्र कर्मचाऱ्याने आपल्या लिंगओळखीप्रमाणे कोणतं वापरायचं ते तोच ठरवतो आणि त्यासाठी त्याच्याकडे कागदपत्रं मागता येत नाहीत. २०२२ च्या एसबी ११९४ या राज्याच्या कायद्याने शहरांना आणखी एक मुभा दिली आहे: अनेक कमोडांची शौचालयंही सर्वांसाठी बांधा असा नियम शहर करू शकतं. म्हणून नवं बांधकाम काढण्याआधी शहराच्या बिल्डिंग विभागात विचारून घ्या. कमोडांची संख्या प्लंबिंग कोडप्रमाणे ठरते, तिचाही हिशेब त्याच खिडकीवर होतो.

तपासणी वेगळी होत नाही. आरोग्य खात्याचा किंवा बिल्डिंगचा इन्स्पेक्टर दुसऱ्या कामासाठी आला की हेही बघू शकतो. त्याहून जास्त धास्ती खासगी दाव्यांची. अपंगांच्या प्रवेशाबाबत त्रुटी सिद्ध झाली तर अनरू या राज्याच्या नागरी हक्क कायद्याखाली भरपाई किमान ४,००० डॉलरपासून सुरू होते, आणि दारावरची चुकीची पाटी पहिल्या फेरीतच नजरेत भरते. म्हणून दुकान भाड्याने घेण्याआधी ‘कॅस्प’ म्हणजे राज्याने प्रमाणित केलेल्या ॲक्सेस तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. त्याचा अहवाल हातात असेल आणि दोष मुदतीत दुरुस्त केले असतील, तर भरपाईची किमान रक्कम कमी होऊ शकते. अहवाल दुकानातच ठेवा, घरच्या फायलीत नको.