बोटिचेलीचं 'कॅलम्नी' बघायचं कसं

रेनेसाँसमधली (युरोपातल्या प्रबोधनकाळातली) रूपकवाली चित्रं, म्हणजे मत्सर, सत्य अशा गोष्टी माणसं म्हणून दाखवणारी, समोर आली की बरेच जण लगेच कुठल्या वस्तूचा अर्थ काय त्याची यादी शोधायला लागतात. मी म्हणेन यादी राहू द्या, आधी फक्त हात बघा, कोणी कोणाला धरलंय ते.

इटालियन चित्रकार बोटिचेलीचं 'कॅलम्नी ऑफ अपेलिस' घ्या, कॅलम्नी म्हणजे निंदा, खोटा आळ. साधारण १४९४-९५ चं, फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे, साइज जेमतेम ६२ बाय ९१ सेंटिमीटर, त्यामुळे फोटो बघत असाल तर झूम करावंच लागतं. अपेलिस हा ग्रीक चित्रकार, त्याच्यावर राजाविरुद्ध कट केल्याचा खोटा आळ आला आणि त्यावर त्याने चित्र काढलं, असं ल्युशियन या प्राचीन लेखकाने लिहून ठेवलंय. ते चित्र केव्हाच गेलं, बोटिचेलीने नुसत्या वर्णनावरून हे उभं केलं.

सुरुवात उजवीकडून करा. सिंहासनावर गाढवाच्या कानांचा राजा, आणि दोन्ही बाजूंनी अज्ञान आणि संशय त्याचे कान भरतायत, अक्षरशः! (हलक्या कानाचा माणूस म्हणजे काय ते इथे कळतं.) त्याच्यासमोर हात लांब करून उभा फाटक्या कपड्यातला माणूस म्हणजे मत्सर, त्याने निंदेचं मनगट धरलंय, निंदेच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताने ती एका तरुणाला केसांना धरून फरपटत आणतेय. आता गंमत बघा, हे चालू असताना मागच्या दोघी, कपट आणि फसवणूक, तिची वेणीफणी करतायत, फुलं माळतायत. म्हणजे इथे जी नटलेली तिच्यापासून सावध राहायचं, आणि जवळजवळ उघडा असलेला तो तरुण निर्दोष, हात जोडून पडलाय बिचारा.

मग डावीकडे या. काळ्या कपड्यातली म्हातारी म्हणजे पश्चात्ताप, ती मान वळवून मागे बघतेय, आणि मागे नग्न उभं आहे सत्य, झाकायचं काही नाहीच तर कपडे कशाला. तिचं बोट वर आकाशाकडे. तिला कोणी धरलेलं नाही, तिने कोणाला धरलेलं नाही.

आता डावीकडच्या या दोघी हाताने झाका आणि उरलेलं चित्र बघा. दरबार तसाच चालू असतो, कोणी कमी आहे असं वाटतच नाही.