अंगणातलं पर्जन्यमापक वावरात हलवताना

घरच्या घरी पाऊस आणि तापमान मोजणारी माणसं आता आमच्या यवतमाळकडच्या गावांतही भेटतात. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी कृषी पदविकेचा विद्यार्थी. सुरुवात सोपी असते. कस लागतो तो नोंदीची जागा बदलावी लागते तेव्हा. शेजारी माडी चढते, अंगणातला लिंब वाढतो किंवा वह्या संपून सगळं संगणकावर घ्यायची वेळ येते. काकांनी सुरू केलेली नोंद माझ्याकडे आली आणि मी ती अंगणातून वावरात, वहीतून संगणकावर नेली. नव्याने हे करणाऱ्यांसाठी त्या कामातलं थोडं सांगतो.

आधी जागा. पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच आणि अगदी समपातळीत हवा. त्याहून खाली असला तर मातीवर आपटलेल्या थेंबांचे शिंतोडे आत जातात. जवळचं झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं. 8 मीटरचा लिंब असेल तर 16 मीटर लांब. गावातल्या अंगणात एवढी मोकळी जागा मिळत नाही, म्हणून मी धुऱ्याजवळचा एक मोकळा तुकडा निवडला आणि भोवती काटेरी तार मारली. ढोरं पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याला तोंड लावतात, तेव्हा तारेवरचा खर्च टाळू नका.

तापमापकासाठी झडपांची पांढरी पेटी लागते, साधारण सव्वा मीटर उंचीवर, दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. पण आपल्याकडे मे संपता संपता ते जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत दुपारी दार उघडलंच तर आकडा पटकन वाचून लगेच बंद करायचं. टिनाच्या छपराखाली टांगलेला तापमापक नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जे दाखवतो ते छपराचं तापमान असतं, गावाचं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. जुनं पर्जन्यमापक लगेच काढू नका. दोन्ही ठिकाणी सोबतच मोजा, जमलं तर वर्षभर, नाहीतर निदान पूर्ण पावसाळा. जागतिक हवामान संघटनाही जागा किंवा उपकरण बदलताना निदान एक वर्ष दुहेरी मोजणीच करायला सांगते. एखाद्या वळवाच्या सरीत दोन आकडे एकमेकांपासून फार लांब जातात. आमच्याकडे अर्धं शिवार भिजतं आणि अर्धं कोरडं राहतं. त्यावरून काही ठरवायचं नाही. झड लागते तेव्हाचे आकडे आणि महिन्याच्या बेरजा शेजारी ठेवून पाहायच्या. फरक कायम एकाच दिशेने दिसला तर तो जागेचा. तरीही जुने आकडे खोडून 'दुरुस्त' करायचे नाहीत. सुधारलेला आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा आणि मूळ आकडा तसाच ठेवायचा.

मग तारखांचा घोळ. हवामान खातं सकाळी 8:30 ला मागच्या 24 तासांचा पाऊस मोजतं आणि मोजला त्या दिवसाची तारीख लावतं. म्हणजे 7 जूनच्या संध्याकाळी पडलेला पाऊस 8 जूनला लिहिला जातो. त्याच सकाळी वाचलेलं कमाल तापमान मात्र बहुतेक आदल्या दुपारचं असतं आणि किमान त्या दिवसाच्या पहाटेचं. जुन्या वह्यांत माणूस 'रात्री पाऊस' म्हणून आदल्या दिवसाची तारीख टाकतो. वही कोणत्या रीतीने लिहिली आहे हे ओळखल्याशिवाय एकही आकडा संगणकावर टाकू नका. आणि ती रीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. सोबत उपकरण कोणतं, ते कुठे होतं, कधी हललं, आजूबाजूला काय होतं, तेही लिहा. नोंदीइतकीच किंमत या माहितीला आहे. दहा वर्षांनी वाचणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

संगणकावर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की भांडण मिटतं. नाहीतर 07/06 चा 6 जुलै होतो आणि मृगाचा पाऊस महिनाभर पुढे सरकतो. तारीख 12 पर्यंतच असं होतं, त्यामुळे लवकर लक्षातही येत नाही. कोरडा दिवस असेल तर 0 लिहा आणि मोजलंच नसेल तर घर रिकामं ठेवून शेजारी 'नोंद नाही' लिहा. गावाला जाऊन तीन दिवसांनी परतलात तर साचलेलं पाणी 'तीन दिवसांचं एकत्र' म्हणूनच टाका, तीन दिवसांत वाटू नका. तसं वाटलं की एक मोठा पाऊस तीन बेताच्या पावसांसारखा दिसतो. मोजपात्र फुटलं तरी काम अडत नाही: पाण्याचे मिलिलिटर गुणिले 10, भागिले नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं.

प्रत्येक महिना टाकून झाला की वहीतली बेरीज आणि संगणकातली बेरीज ताडून पाहा. पानांचे फोटो काढा. वह्या रद्दीत देऊ नका. काकांच्या वहीत आकड्यांशेजारी नक्षत्र आणि 'पऱ्हाटीला डवरा' (कपाशीची कोळपणी) असे शब्द आहेत. मी त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवला, कारण पावसाला पिकाशी जोडणारी तेवढीच जागा आहे.

हे सगळं कशासाठी, असं पोरं विचारतात. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळातल्या केंद्राचा आकडा चालतो, 24 तासांत 65 मिलिमीटरची अट असते, तिथे आपली वही चालत नाही. पण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो तेव्हा तो पाऊस आपल्या वावरात झाला का, हे मंडळाचं केंद्र सांगू शकत नाही. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च पुन्हा काढावा लागतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याआधी नवं पर्जन्यमापक पक्कं रोवून, पाणी ओतून, गळत नाही ना ते बघून घ्या, आणि अंगणातलंही तोवर तिथेच चालू राहू द्या.