मिस्ट्री स्नेल पाळताना : निगा आणि तिच्या वागण्याचा अर्थ

पाण्यावर तरंगणारी गोगलगाय मेली असे समजून ती टाकून दिली जाते, आणि घरगुती मत्स्यालयांत हा प्रकार वारंवार घडतो. अशा गोगलगायींपैकी बऱ्याच जणी जिवंत असतात. त्या का तरंगतात, काचेवरून अचानक खाली का पडतात, रात्री टाकीबाहेर का निघतात, दिवसभर शंखाच्या तोंडावरचे झाकण लावून का बसतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतात : तिच्या शरीराच्या रचनेत आणि टाकीतील पाण्यात. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी पाणी तपासणे, हा गोगलगाय पाळणाऱ्याचा पहिला नियम असायला हवा.

आपल्याकडे दुकानांत मिस्ट्री स्नेल किंवा ॲपल स्नेल या नावाने मिळणारी पिवळी, निळसर, जांभळट किंवा तपकिरी गोगलगाय बहुधा पोमेशिया डिफ्यूझा या जातीची असते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याची. तिथल्या संथ, गढूळ पाण्यात प्राणवायू अनेकदा कमी पडतो, आणि त्यावरचा उपाय तिच्या शरीरातच आहे : उजव्या बाजूला कल्ले आणि डाव्या बाजूला फुप्फुस. भातखाचरांत आणि तळ्यांत आढळणारी आपली देशी पायला ग्लोबोसा तिच्याच कुळातली. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही दुहेरी श्वसनव्यवस्था तिच्यामुळेच परिचित असते. मिस्ट्री स्नेल श्वास घेते तेव्हा थोडा वेळ टाकीजवळ बसून पाहावे. ती काच चढून पृष्ठभागाच्या जरा खाली थांबते, डाव्या बाजूची मऊ श्वसननळी लांब करून तिचे टोक हवेत काढते आणि डोके व पाय लयीत आतबाहेर करत, भात्यासारखी हवा आत ओढते. काही वेळाने नळी आखडून ती पुन्हा खाली निघते. हे दृश्य अधूनमधून दिसणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र सगळ्याच गोगलगायी एकाच वेळी वर येऊन बसल्या असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे किंवा अमोनिया वाढला आहे, असे समजून त्याच दिवशी हालचाल करावी.

आता तरंगण्याविषयी. फुप्फुसात भरलेली हवा बाहेर न सोडता गोगलगाय शंखात शिरली की ती हलकी होऊन वर येते आणि कधी कधी दिवस-दीड दिवस तशीच राहते. तिला हलक्या हाताने उचलून पाहावे. झाकण घट्ट मिटलेले असेल, किंवा स्पर्श होताच ती आत ओढली जात असेल, तर ती जिवंत आहे. झाकण सैल लोंबत असेल, पाय स्पर्शाला दाद देत नसेल आणि वास येत असेल, तर मात्र शंका उरत नाही. तो वास एकदा घेतला की विसरता येत नाही, हेही सांगून ठेवलेले बरे. खात्री होत नसेल तेव्हा टाकीतलेच पाणी भरलेल्या वेगळ्या भांड्यात तिला एक रात्र ठेवावे, म्हणजे ती मेलीच असेल तर कुजून बाकीच्या टाकीत अमोनिया सोडणार नाही. दोन दिवसांहून अधिक काळ तरंगणे चालू राहिले आणि ती खातही नसेल, तर चूक पाण्यात शोधावी.

पाण्याचा विचार इथे जरा सविस्तर करायला हवा, कारण गोगलगायींच्या निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच सुरू होतात आणि तिथेच मिटतात. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. पाणी आम्लधर्मी झाले की तो हळूहळू विरघळू लागतो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ८ च्या दरम्यान असावा आणि जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा, ८ अंश किंवा त्याहून थोडा अधिक असावा. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात हे सहसा आपोआप साधते. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील पाणी, पावसाळ्यात साठवलेले पाणी आणि आरओ यंत्राचे पाणी यांत मात्र खनिजे फार कमी असतात. आरओचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी आणि शुद्ध पाणी म्हणजे उत्तम पाणी, हा समज गोगलगायीच्या बाबतीत पूर्णपणे उलटा ठरतो. अशा पाण्यात शंखाच्या टोकाला पांढरे खड्डे पडतात. पडलेले खड्डे पुन्हा भरत नाहीत, त्यामुळे सुधारणा झाली की नाही हे टोकाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी शंखाच्या तोंडाची कड पाहावी. तिथे नवी वाढ गुळगुळीत आणि सलग येत असेल, तर आपण योग्य मार्गावर आहोत.

कॅल्शियम वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे समुद्रफेस (कटलबोन). काष्ठौषधींच्या दुकानात किंवा पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्याकडे तो सहज मिळतो. त्याचा लहान तुकडा धुऊन टाकीत ठेवावा. सुरुवातीला तो तरंगतो, नंतर पाणी शोषून बुडतो. फिल्टरमध्ये मूठभर कोरलचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून ठेवल्यास पाण्याचा सामू स्थिर राहायला मदत होते. उकळून, वाळवून, बारीक केलेली अंड्याची टरफलेही चालतात, फक्त आतला पापुद्रा काढून टाकावा. खायचा चुना मात्र कधीही टाकू नये. त्यातही कॅल्शियम असते हे खरे, पण तो सामू एकदम इतका वर नेतो की मासे आणि गोगलगायी दोघांनाही इजा होते.

दुसरी गोष्ट तांब्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. तांबे शरीराला अल्प प्रमाणात हवे असते, पाण्यात मिसळलेले तांबे मात्र गोगलगायीला विष ठरते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची आणि शेवाळ मारणारी अनेक औषधे मोरचुदाची किंवा तांब्याच्या इतर क्षारांची असतात. म्हणून वेष्टनावरचे घटक वाचल्याखेरीज कोणतेही औषध टाकीत घालू नये. औषधोपचार करायचाच असेल तर मासे वेगळ्या टाकीत हलवावेत. तांब्याच्या हंड्यातले रात्रभर ठेवलेले पाणी किंवा ‘कॉपर’ असे लिहिलेल्या जलशुद्धीकरण यंत्राचे पाणीही टाकीसाठी वापरू नये. ठिपक्यांच्या रोगावर खडे मीठ घालण्याची घरगुती पद्धतही गोगलगायीला झेपत नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी साबण, सॅनिटायझर आणि डास पळवणारे मलम पूर्ण धुऊन टाकावे, आणि टाकीच्या खोलीत कीटकनाशक फवारू नये.

बाकी व्यवस्था तुलनेने सोपी आहे. एका गोगलगायीमागे साधारण १० लीटर पाणी धरावे. नळाचे पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब घालूनच वापरावे आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, त्यामुळे नव्या टाकीत फिल्टर चार ते सहा आठवडे चालून स्थिरावल्याशिवाय गोगलगाय सोडू नये. ‘ही टाकी साफ ठेवते, पाणी बदलावे लागत नाही’ असे सांगून गोगलगाय विकली जाते, ते साफ खोटे आहे. ती काचेवरचे शेवाळ खाते हे खरे, पण तिची विष्ठाही भरपूर असते. तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस ठीक. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पाणी सहज ३० च्या वर जाते. तेव्हा टाकीचे झाकण जाळीचे करून पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. उबदार पाण्यात तिचे जीवनच वेगाने चालते, ती अधिक खाते आणि लवकर म्हातारी होते. मुळात तिचे आयुष्य एक ते दोन वर्षांचेच असते.

खाण्यासाठी दुधी, दोडका, काकडी, गाजर किंवा श्रावणघेवडा यांचे तुकडे जरासे उकडून द्यावेत आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून घ्यावेत. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवते, म्हणून तो रोज देऊ नये. आठवड्यातून एक-दोनदा तळाशी बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात, कारण केवळ भाजीवर प्रथिने पुरत नाहीत.

खाण्याची तिची एक रीत इतकी विचित्र आहे की पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. ती पृष्ठभागाशी येऊन पायाची पुढची कड दुमडते आणि तिचे नरसाळे करते. मग पायावरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाण्यावरचा तवंग, खाद्याची पूड, सगळे त्या नरसाळ्यात ओढले जाते आणि शेवटी तोंडाशी येते. पाय वाकडा झाला, आजार झाला, असे काही नसते. काचेवरून अचानक सुटून खाली पडणे हाही आजार नव्हे. तिला घाई असली की ती पकड सोडून देते. मात्र तळाशी टोकदार दगड असतील तर शंख तडकू शकतो, म्हणून बारीक गोल वाळू बरी. स्पर्शिका तुटलेली दिसली तर शेजारच्या माशाकडे संशयाने पाहावे. बेट्टा आणि गोल्डफिश त्या टोचतात, लोच आणि पफर तर गोगलगाय खातातच. या कुळातील गोगलगायींना स्पर्शिकाच नव्हे तर डोळाही पुन्हा फुटतो, पण माशाला वेगळे केले तरच.

एक दुसरीच्या शंखावर तासन्‌तास बसून राहिली, तर ते बहुधा मीलन असते. ओढून सोडवू नये, मऊ अवयवांना इजा होते. काचेवरची गोगलगायही सरळ उपटू नये. शंख धरून हलकेच बाजूला सरकवत सोडवावी.

टाकीबाहेर पडण्यामागे दोन कारणे संभवतात. पाणी बिघडले असेल तर कोणतीही गोगलगाय बाहेर निघते. पाणी ठीक असूनही एखादी मोठी मादी रात्री वर चढत असेल, तर ती अंडी घालायला जागा शोधत असते. या जातीत नर व मादी वेगळे असतात, पण मादी शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकटी आणलेली गोगलगायही अंडी घालते. म्हणून पाण्याची पातळी झाकणाखाली सहा-सात सेंटिमीटर ठेवावी. श्वासालाही ती जागा लागते. अंड्यांचा फिकट गुलाबी घोस पाण्याच्या वर काचेला चिकटतो, आधी मऊ असतो, नंतर कडक होतो, आणि उष्णतेनुसार दोन ते चार आठवड्यांत फुटतो. नेराइट जातीच्या गोगलगायींची अंडी मात्र पाण्यातच, पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. गोड्या पाण्यात त्यांची पिल्ले वाढत नाहीत, त्यामुळे ती फक्त दिसायला कटकट असते.

ओढ्यातली किंवा शेततळ्यातली गोगलगाय टाकीत आणू नये. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी परजीवींच्या वाहक असू शकतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५२ मध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे, म्हणजे परजीवी कृमींमुळे होणाऱ्या रोगाचे, रुग्ण नोंदवले गेले आणि त्याच्या प्रसाराचा संबंध तिथल्या एका चिमुकल्या गोगलगायीशी जोडला गेला. विकत आणलेली हाताळल्यावरही हात धुवावेत. उलट दिशेनेही तेच : जास्त झालेल्या मिस्ट्री स्नेल तळ्यात, विहिरीत वा नाल्यात सोडू नयेत. तिची बहीण पोमेशिया कॅनॅलिक्युलाटा आग्नेय आशियात अशीच माणसांच्या हातून पसरली आणि भातशेतीचे मोठे नुकसान करून बसली; दोघींची पिल्ले वरवर पाहता सारखीच दिसतात. पिल्ले नको असतील तर घोस ताजा असतानाच ओल्या कापडाने अलगद काढावा, पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा आणि नंतर ओल्या कचऱ्यात टाकावा.