वकील ते मंत्री : चरित्रलेख लिहिताना

रामबाग असो की लोकमान्यनगर, इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांत एक लेख हमखास असतो. आधी वकिली केलेल्या आणि पुढे मंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या कोणा गृहस्थांचा तो जीवनपट असतो. असे दहा-बारा लेख माझ्या हाताखालून गेले आहेत आणि त्यांतले बहुतेक एकाच साच्याचे निघाले : जन्म, शिक्षण, सनद (वकिलीचा परवाना), निवडणूक, शपथविधी, खाती, निधन. एवढे सगळे वाचूनही माणूस कुठे भेटत नाही. माझ्या अनुभवात तो भेटतो काळा कोट खुंटीला टांगण्याच्या आगेमागे. म्हणून लेखाचा निम्मा विस्तार त्या चार-पाच वर्षांना द्यावा आणि पदांची जंत्री एका परिच्छेदात उरकावी.

सुरुवात 'वकील' या शब्दापासूनच करावी लागते, कारण हा शब्द आपण फार सैल वापरतो. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमाआधी वकील, प्लीडर, मुखत्यार, अ‍ॅडव्होकेट, बॅरिस्टर अशा निरनिराळ्या पायऱ्या होत्या आणि कोण कोणत्या न्यायालयात उभा राहू शकतो हे त्यांवर ठरे. संस्थानांची न्यायालयेही वेगळी होती. तेव्हा होळकर संस्थानातल्या प्लीडरला सरसकट 'हायकोर्टाचे नामवंत वकील' म्हणू नये. पदवी, सनद आणि प्रत्यक्ष वकिली या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हेही विसरू नये. यशवंतराव चव्हाणांनी १९४१मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि कऱ्हाडला वकिली सुरू केली, पण १९४२च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. त्यांची वकिली इतकी अल्पकाळ चालली असताना 'यशस्वी वकिलीवर पाणी सोडून' असे वाक्य लिहिणे म्हणजे कर्तबगार माणसाला नसलेला दागिना घालणे होय.

वकिली खरोखर कशी होती हे शोधायला घरच्या आठवणींपेक्षा कागद बरे. नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या जुन्या खंडांत मध्यभारत उच्च न्यायालयाचे निकाल सापडतात आणि निकालाच्या आरंभी दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे छापलेली असतात. पाच-सहा निकाल वाचले की माणूस कुळांच्या बाजूने उभा राहत होता, गिरणीमालकांच्या की कामगारांच्या, याचा अंदाज येतो. त्याहून मोलाची वस्तू घरात असू शकते. एका घरी मला लाल कापडाचा बस्ता दाखवला गेला. त्यात वकालतनाम्यांच्या (पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रांच्या) नकला होत्या आणि मुन्शीजींच्या, म्हणजे वकिलाच्या कारकुनाच्या, हातची एक डायरी होती. प्रत्येक पानावर पक्षकाराचे नाव, पुढची तारीख आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात 'फी बाकी'. ते दोन शब्द पानामागून पान येत राहिले, आणि 'गरिबांचे वकील' हे जे विशेषण मी खोडणार होतो ते पुराव्यासह लेखात राहिले. कागद होळकरी काळातले असतील तर काही मोडीत निघतील. ते वाचून घेण्यासाठी जाणकार गाठावा, अंदाजाने अर्थ लावू नये.

आता वकिली आणि मंत्रिपद यांमधला सांधा. येथे तारखा फार घोळ घालतात, आणि मी स्वतः त्यात फसलो आहे. एका लेखात निवडून येण्याचा दिवस मी शपथविधीचा म्हणून छापला. अंक वाटून झाल्यावर त्या मंत्र्यांच्या नातवाचा फोन आला, आणि पुढच्या वर्षी चौकटीत दुरुस्ती द्यावी लागली. निवडणुकीचा निकाल, शपथविधी आणि खातेवाटप हे तीन वेगळे दिवस असू शकतात. क्वचित क्रम उलटाही असतो : राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदानुसार विधिमंडळाचा सदस्य नसलेली व्यक्तीही मंत्री होऊ शकते, मात्र सलग सहा महिन्यांत सदस्यत्व मिळाले नाही तर पद जाते. अशा वेळी 'आमदार झाले आणि मंत्री झाले' हे वाक्य चुकते. राजपत्रातली अधिसूचना पाहिली की वाद मिटतो.

आपल्या भागात आणखी एक खड्डा आहे. मध्यभारत हे राज्य २८ मे १९४८ ला अस्तित्वात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात विलीन झाले. त्या साडेआठ वर्षांतल्या मंत्र्यांना 'मध्य प्रदेशचे मंत्री' म्हणणे चूक आहे, तरी ते सर्रास छापले जाते. पदनामेही काळानुसार बदलली. १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला 'प्रीमियर' म्हणत. त्यामुळे सॉलिसिटर असलेले बाळासाहेब खेर १९३७च्या कागदांत मुंबई प्रांताचे 'मुख्यमंत्री' म्हणून शोधू नयेत. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री आणि उपमंत्री यांतला फरक घरच्या मंडळींना बहुधा नको असतो. आपण तो ठेवावा.

मंत्रिपदाच्या वर्णनात सगळ्या योजना मोजत बसू नये. एक विधेयक किंवा एक प्रकरण निवडावे आणि त्याच्या निमित्ताने सभागृहात झालेली चर्चा मुळातून वाचावी. संसदेची जुनी कार्यवाही आता इंटरनेटवर वाचता येते. कोर्टातली सवय तिथे कशी उतरली, विरोधकाच्या आक्षेपाला माणूस मुद्द्याने उत्तर देतो की टाळतो, हे तेथे उघड दिसते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या महूला १८९१ साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२मध्ये बॅरिस्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईत वकिली करू लागले, १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि स्वातंत्र्यानंतर पहिले विधिमंत्री झाले. हिंदूंचे विवाह, वारसा वगैरे कायदे एकत्र आणू पाहणारे हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून त्यांनी राजीनामा दिला, एवढेच बहुतेक लेखांत असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. २७ सप्टेंबर १९५१ ला राजीनामा दिल्यानंतर त्यांनी तयार केलेल्या निवेदनात हिंदू कोड शेवटी येते. त्याआधी महत्त्वाच्या खात्यांपासून व मंत्रिमंडळाच्या समित्यांपासून दूर ठेवले जाणे, अनुसूचित जातींची उपेक्षा आणि परराष्ट्र धोरण हे मुद्दे एकेक करून मांडलेले आहेत. १० ऑक्टोबरला ते निवेदन सभागृहात वाचता आले नाही, तेव्हा त्यांनी बाहेर पडून ते वृत्तपत्रांकडे दिले. कैफियत (दाव्याला द्यायचे लेखी उत्तर) लिहिणाऱ्या वकिलाचा हात त्या मांडणीत स्पष्ट दिसतो, आणि तो दाखवणे हेच चरित्रलेखकाचे काम.

याच धाग्याचे दुसरे टोक हरि विनायक पाटसकर यांच्याकडे जाते. चाळीसगावला वकिली केलेल्या पाटसकरांनी १९५५चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा संसदेत पुढे नेला, आणि पुढे १९५७ ते १९६५ ते मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. लोकसभेच्या कार्यवाहीत त्यांचा उल्लेख 'विधी मंत्रालयातील मंत्री' असा येतो, नुसता 'विधिमंत्री' असा नव्हे. एकाच विषयावर एक वकील-मंत्री बाहेर पडतो आणि चार वर्षांनी दुसरा तो विषय तुकड्यातुकड्यांनी मार्गी लावतो, अशी जोडी शेजारी ठेवली की दोघांचेही स्वभाव बोलू लागतात.

मुलाखतीत 'ते कसे होते हो?' असे विचारू नये. 'देवमाणूस होते' याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारावे : शपथविधीनंतर चालू दावे कोणत्या ज्युनिअरकडे गेले? मुन्शीजींचे पुढे काय झाले? बैठकीच्या खोलीतली कायद्याची पुस्तके कुठे ठेवली? मंत्रिपद गेल्यावर साहेब पुन्हा कोर्टात उभे राहिले का? हा शेवटचा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही, आणि उत्तर मात्र हटकून रंगते. आमदारकीमुळे वकिली सुटलीच असेल असेही गृहीत धरू नये. आमदार-खासदारांना वकिली करण्यास मज्जाव नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिला आहे, आणि पूर्वीही अनेक जण दोन्ही सांभाळत.

लेख घरच्यांना एकदा वाचून दाखवावा, पण तारखा आणि नात्यांपुरताच. विशेषणांची दुरुस्ती स्वीकारू नये. 'लोकनेते' घालाच असा आग्रह झाला तर ते श्रद्धांजलीच्या वेगळ्या चौकटीत छापावे. मी ज्या बस्त्याविषयी लिहिले त्या घरी सूनबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच सुचवले की मुन्शीजींचे नाव नुसते 'मुन्शीजी' असे न ठेवता पूर्ण छापा. आम्ही ते छापले, आणि बार रूममधला त्यांचा जुना फोटो साहेबांच्या शपथविधीच्या फोटोशेजारी त्याच मापाचा लावला.