कॅनडातून टीएनवर अमेरिकेत जाताय? या चुका टाळा

"एकदा कॅनडाची पीआर हातात आली की टीएनवर अमेरिकेला सुटायचं." कोल्हापुरात शिरोलीच्या फौंड्र्यांत काय नि राजारामपुरीतल्या व्हिसा एजंटांकडं काय, हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना, टीएन म्हणजे अमेरिकेत तात्पुरतं राहून नोकरी करण्याचा. हे वाक्य साफ चुकीचं आहे, आणि त्याच्या भरवशावर घरदार विकून निघणारी माणसं आहेत, म्हणून सुरुवात इथूनच.

टीएन ही उत्तर अमेरिकेतल्या व्यापार कराराची सोय. १९९४ पासून नाफ्टा होता, १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी यूएसएमसीए आला. ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना मिळते. पीआर असलेला माणूस कागदोपत्री भारतीयच. त्याची वाट एच-१बी या अमेरिकेच्या नोकरी व्हिसाची, म्हणजे वर्षाला ६५,००० अधिक २०,००० जागा आणि लॉटरी. टीएनला ना लॉटरी, ना जागांची मर्यादा, एका वेळी तीन वर्षांपर्यंत मुक्काम आणि पुढं नूतनीकरण. मोह पडतो तो यामुळंच.

नागरिकत्वासाठी कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस भरावे लागतात. ते मिळालं की १९५५ च्या कायद्यानं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढायचं. आपल्याकडं याचा खरा चटका बसतो तो सातबाऱ्याला. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. वारसाहक्कानं आलेली चालते. तेव्हा "उसाचं रान पोराच्या नावावर करून टाकू" असं म्हणणाऱ्या वडिलांनी आधी चांगला वकील गाठावा.

दुसरी अडचण शिक्षणाची. करारात साठेक व्यवसायांची यादी आहे आणि प्रत्येकापुढं लागणारी पात्रता लिहिलेली आहे. शिवाजी विद्यापीठाची बी.ई. चालते, फक्त ती तिथल्या पदवीच्या तोडीची असल्याचा मूल्यमापन अहवाल सोबत लागतो. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांची मात्र पंचाईत होते. काही व्यवसायांत डिप्लोमा आणि तीन वर्षांचा अनुभव चालतो खरा, पण तो डिप्लोमा कॅनडा किंवा अमेरिकेतल्या संस्थेचा हवा. बी.सी.ए. करून 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' झालेल्यांनीही जपावं. इंजिनिअरच्या रकान्यात इंजिनिअरिंगची पदवी बघतात. आणि निव्वळ प्रोग्रामर हा व्यवसाय यादीत नाहीच.

नावांचा घोळ तर खास आपलाच. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कॅनडाच्या पासपोर्टवर मांडणी वेगळी असू शकते. लग्न झालेल्या बाईची पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत इथूनच सोबत न्या. कोल्हापुरात एका फेरीत होणारं काम तिथून फोनवर महिनोन् महिने रेंगाळतं.

बरेच अर्ज मात्र नोकरी देणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या पत्रावर अडतात. समजा, उद्यमनगरात घडलेला फौंड्रीवाला ओंटारिओतून मिशिगनला निघालाय. पत्रात लिहिलंय, 'प्रॉडक्शन मॅनेजर, दोन शिफ्टच्या कामगारांवर देखरेख.' कॅनडाच्या नागरिकाचे टीएनचे कागद सीमेवरच बघतात. सीमेवरच्या विंडसर शहराच्या पुलापलीकडचा अमेरिकी अधिकारी यादी बघणार, त्यात प्रॉडक्शन मॅनेजर नाही, विषय संपला. याच माणसाचं रोजचं काम धातूचं मिश्रण ठरवणं, कास्टिंगमध्ये ब्लोहोल का येतात ते शोधणं, रायझरचं डिझाइन करणं असेल, तर पत्रात तेच यायला हवं. पद इंजिनिअर, काम असं, पदवी मेटलर्जी किंवा मेकॅनिकलची, पगार इतका, मुदत इतकी. काम खरोखरच देखरेखीचं असेल तर शब्द फिरवून टीएन काढू नका. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर अमेरिकेचं दारच बंद होतं.

"पुढं ग्रीन कार्ड करणार का?" असं विचारलं तर फुशारकी नको. टीएन तात्पुरत्या मुक्कामासाठी आहे. एच-१बीसारखी कायम राहण्याचा इरादा बाळगायची मुभा यात नाही.

बायकोचं काय, हा प्रश्न बहुतेकांना विमानतळावर सुचतो. तिला टीडी, म्हणजे टीएनवाल्याच्या कुटुंबासाठीचा परवाना, मिळतो. त्यावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. नवरा कॅनडाचा नागरिक झालाय आणि ती अजून भारतीय पासपोर्टवर आहे, असं असेल तर तिला अमेरिकेच्या वकिलातीतून टीडी व्हिसा आधी काढावा लागतो. नवऱ्यासारखं थेट सीमेवर जाऊन भागत नाही.

आत गेल्यावर आय-९४ ची, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या प्रवेशनोंदीची, तारीख त्याच दिवशी ऑनलाइन बघा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर मुक्कामही तेवढाच मिळू शकतो. टीएन त्या एका कंपनीपुरता असतो. नवीन ठिकाणी आधी रुजू व्हायचं आणि कागद मागाहून, हे चालत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच.

सीमेवर नकार मिळाला तर हुज्जत घालू नका. अर्ज मागं घेता येईल का विचारा आणि नेमकं काय कमी पडलं ते लिहून घ्या. तेच कागद घेऊन त्याच दिवशी दुसऱ्या नाक्यावर जायचा सल्ला देणारे भेटतील. तिथल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर सकाळची नोंद आलेली असते. पुढच्या कुठल्याही फॉर्मवर "पूर्वी कधी प्रवेश नाकारला होता का?" असं विचारलं, तर 'हो' लिहा आणि खाली कारण द्या.