पाणी तापायला लागलंय, पिशव्या उघडून बघा

मंडळी, पाणी तापायला लागलं की दोन गोष्टी एकदमच होतात, आपण कालवं, तिसऱ्या अशा शिंपल्यांचं नवीन बीज, म्हणजे बारीक पिल्लं, जाळीच्या पिशव्यांत भरून नाहीतर जाळीखाली पाण्यात सोडतो आणि त्याच वेळेला खेकडे, भोकं पाडणारे शंख, तारामासे सगळे भुकेनं बाहेर पडतात. म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो. पिशवी उघडून बघा. दर उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे साधारण पंधरा दिवसांनी एकदा, उघडून, आत हात घालून तळाशी काय आहे ते बघा. कालवं, तिसऱ्या, शिणाणे करणाऱ्यांचं बीज गेलेलं मी इतक्यांदा बघितलंय, त्यात रोगानं गेलेलं कमी आणि न उघडलेल्या पिशवीत गेलेलं जास्त.

होतं असं की जाळी लावली की माणूस निश्चिंत होतो. पण खेकड्याचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं तेव्हा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं असतं, ४ मिमीच्या जाळीतून ते सहज आत शिरतं, आत बसायला जागा, खायला आपलं बीज, कात टाकत टाकत वाढतं आणि मग एवढं मोठं होतं की त्याला बाहेर पडता येत नाही. बाहेर पडायची त्याला गरजही नसते म्हणा. एका पिशवीत वरचा थर बघून मालक म्हणाला सगळं झकास आहे, मी म्हटलं उलटी कर. उलटी केली तर तळातून मूठभर नुसते तुकडे पडले, नखाएवढी कवचं, कडा कुरतडलेल्या, आतली बाजू अजून चकचकीत म्हणजे ताजंच काम, आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढा एकच खेकडा. एकच.

आता हे नीट कळायला शिंपलेवाल्या जीवांकडे बचावाचं काय काय असतं ते माहीत पाहिजे, कारण आपण पिशवीत भरतो तेव्हा त्यातलं निम्मं आपणच काढून घेतो.

मोकळ्या वाळूत तिसरी पाय खुपसून खाली जाते, जितकी खोल तितकी सुरक्षित. काडीसारखी लांबट शिंपली असते ती तर हाताला लागता लागता निसटते, कवच हलवून आजूबाजूची वाळू पातळ करून घेते आणि अर्धा मीटर सुद्धा खाली जाते. ज्या जातींचं कवच पूर्ण मिटत नाही त्यांना तर खोल जाणं हाच एक उपाय. स्कॅलप म्हणजे पंख्याच्या आकाराचा शिंपला, त्याला कडेनं बारीक बारीक डोळे असतात, तारामाशाचा पाय लागला की कवचाच्या दोन्ही झडपा टाळीसारख्या आपटून तो पोहत पळतो, पण थोड्या वेळात दमतो. शिणाणे धाग्यांनी खडकाला आणि एकमेकांना घट्ट बांधून घेतात, घोसाच्या आतल्याला खेकडा ओढून काढू शकत नाही, आणि भोक पाडायला आलेल्या शंखालाच धागे चिकटवून जागेवर जखडून टाकतात, तो तिथंच उपाशी मरतो. मी स्वतः दोरावर असा अडकलेला शंख बघितलाय, दहा-बारा धागे होते, सोडवताना तुटत नव्हते.

कालवाला यातलं काहीच नाही. ते हलत नाही, पुरून घेत नाही, धागे नाहीत. त्याच्याकडे कवच आणि ते मिटून धरणारा स्नायू, बास. आणि बीजाचं कवच असतं पापडासारखं. कवच वाढतं ते कडेच्या पातळ पडद्यातून, थरावर थर, त्याला वेळ लागतो. खेकडाही हिशोबी असतो, मोठं कवच फोडताना नांगीच तुटायची भीती म्हणून तो झटकन फुटेल असंच उचलतो. तिसरी २०-२५ मिमीच्या पुढे गेली की बरेचसे छोटे खेकडे तिचा नाद सोडतात. म्हणजे जाळी कशासाठी, तर कवच जाड होईपर्यंतचा वेळ मिळावा म्हणून. खेकडा जाळीच्या आत असेल तर तो वेळ मिळतच नाही, उलट पळता येणारं जनावर सुद्धा आपण त्याच्यासोबत कोंडलेलं असतं.

यात एक गोष्ट मला फार आवडते. या जीवांना पाण्यातला शत्रूचा वास कळतो आणि ते कवच जाड करायला घेतात. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावर आशियातून आलेला खेकडा पसरला, तर तो जिथं येऊन साधारण १५ वर्षं झाली होती तिथले शिणाणे त्याच्या वासानं कवच जाड करायला लागले, आणि जिथं तो पोचलाच नव्हता तिथल्यांना त्या वासाचं काहीच नाही. २००६ साली हे छापून आलं. कालवाच्या बीजावरही खेकडा ठेवलेल्या पाण्याचे असे प्रयोग झालेत, कवच खरंच मजबूत होतं. पण त्याला आठवडे लागतात, आणि पिशवीतला खेकडा आठवडाभर थांबत नाही.

हे कळलं की मग विक्रेते जे गळ्यात मारतात त्याचाही निकाल लागतो. कवच कडक करणारं लिक्विड कॅल्शियम म्हणून कॅन विकतात. अहो समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आधीच आहे, आणि तुम्ही ओतलेलं एका भरतीत वाहून जाणार. त्या पैशात जास्तीच्या पिशव्या घ्या म्हणजे विरळ भरता येईल. दुसरं, खेकडे मारायचं औषध. हात जोडून सांगतो, नको. कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, जे टाकाल ते त्याच्या अंगात आणि तिथून खाणाऱ्याच्या पोटात. शिवाय खेकड्याला विष ते झिंग्यालाही विष, शेजाऱ्याचं झिंग्याचं तळं साफ होईल.

पिशवी उघडली की रिकामी कवचं फेकू नका, आधी वाचा:

- कडा तुटलेल्या, तुकडे तुकडे: खेकडा. आतच शोधा.
- बारीक सरळ गोल भोक: खडकावरचा भोकं पाडणारा शंख.
- वाटीसारखं तिरकं कापलेलं भोक: वाळूतला गोल शंख, तो तिसऱ्यांवर येतो.
- दोन्ही झडपा जोडलेल्या, ओरखडाही नाही, आत स्वच्छ: तारामासा किंवा चपटा किडा.
- झडपा उघड्या, आत मांस कुजलेलं: हे शत्रूचं काम नाही, पाणी तपासा.

शंखाचं जरा सांगतो. तो थोडं आम्ल सोडतो, थोडं खरवडतो, परत आम्ल, असं करत भोक पाडतो, कवच जाड असेल तर एका शिंपल्याला दिवस-दोन दिवस सुद्धा लागतात. म्हणजे तो हळू आहे, हातानं वेचून संपतो. यातल्या बऱ्याच जातींची पिल्लं तरंगत जात नाहीत, अंड्याच्या छोट्या पिवळसर कुप्यांतून निघून तिथंच सरपटतात, म्हणून पिशव्या ठेवायच्या रॅकच्या पायांवर आणि पिशवीच्या शिवणीत चिकटलेल्या कुप्या खरवडून काढल्या तर पुढची अख्खी पिढी गेली. खरवडलेलं पाण्यात टाकायचं नाही, किनाऱ्यावर नेऊन वाळवायचं. तारामाशाचंही तेच, कापून परत पाण्यात टाकू नका, मधल्या भागासकट तुकडा राहिला तर तो परत वाढतो, पूर्वीच्या कालववाल्यांनी स्वतःच्या हातानं असे तारामासे वाढवलेत. तारामासा झडपा ओढत बसतो, कालवाचा स्नायू दमला की केसाएवढी फट पडते आणि तेवढ्यातून पोट आत घालतो.

चपटा किडा, तारामाशाची पिल्लं आणि कवच पोखरणारा स्पंज यांना मिठाचं पाणी: लिटरला साधारण ३५० ग्रॅम मीठ, म्हणजे तळाशी थोडं न विरघळता राहीपर्यंत, त्यात पिशवी ५ मिनिटं, मग सावलीत तासभर कोरडी. हे घट्ट मिटणाऱ्या कालवासाठीच, शिणाणे आणि स्कॅलपला करू नका. बुडवायच्या आधी पिशवी हलवा म्हणजे ती झडपा मिटतात. आधी २०-२५ नगांवर करून दोन दिवस बघा, मगच सगळ्याला.

बाकी नेहमीची कामं:

- कालवाचं बीज १०-१५ मिमी होईपर्यंत नर्सरीत, म्हणजे बारीक बीज वाढवायच्या वेगळ्या जागेत
- तिसऱ्यांचं ८-१० मिमीचं बीज वाळूत टाकल्या टाकल्या वर ६ मिमीची जाळी, कडा पुरलेल्या
- जाळीवरचं शेवाळ घासणं
- पिशव्या उलटणं, हलवणं
- विरळणी (पिशवीतली गर्दी कमी करणं), साइझिंग (आकाराप्रमाणे वेगळं करणं)
- शिवण आणि क्लिपा तपासणं

हलवण्याबद्दल माझा एक अंदाज, पुस्तकी नाही. हलवल्यानं कडा थोड्या तुटतात आणि कवच खोल, जाड होतं हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, पण मला वाटतं की जे बीज ओहोटीला दोन-तीन तास उघडं पडतं त्याचा मिटायचा स्नायूही तयार होतो, असं कालव बोट लावताच टक करून मिटतं, आणि कायम पाण्यात असलेलं आरामात मिटतं. माझ्या बघण्यात पहिल्या प्रकारातलं जास्त वाचलंय. फक्त कडक उन्हाच्या दिवसांत हे जपून, कारण मिटून बसलेलं जनावर खात नाही, श्वासही नीट घेत नाही, आणि तापून दमलेला स्नायू संध्याकाळी तारामाशासमोर टिकत नाही. जोराचा पाऊस होऊन पाणी गोडं झालं तरी तेच, दोन-तीन दिवस मिटून राहिलेली कालवं कमजोर असतात, त्या आठवड्यात त्यांना हात लावू नका, विरळणी पुढे ढकला, पण पिशव्या उघडून आतले खेकडे मात्र काढा.

येत्या उधाणाला सगळ्या जमणार नसतील तर खडकाजवळची आणि सगळ्यात खालची ओळ आधी घ्या, तिथं खेकडा पहिला येतो. सोबत टोपणाची बादली आणि जाड हातमोजे न्या, आणि पिशवी पाण्यावर उलटी करू नका, मचव्यात किंवा टबात करा, नाहीतर खेकडा खाली पडून शेजारच्या पिशवीखाली जाऊन बसतो.