बालवर्गाच्या मुख्य ताईंनो, या चुका टाळा

बालवर्गात काही बिघडलं की बोट आधी मुलाकडे जातं. तो ढकलतो, ती ऐकत नाही, याचं कशात लक्षच नसतं. पण मुलाचा स्वभाव ताईच्या हातात नसतो. तिच्या हातात असतात तीन गोष्टी: घड्याळ, खोलीची मांडणी आणि वर्गातली मोठी माणसं. दुरुस्ती तिथूनच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. आपल्याला एवढं लांब जायचं नाही. नळासमोरची रांग मोडली तरी पुष्कळ झालं.

पुढचं सगळं साध्या वर्गाला धरून लिहिलं आहे. एक खोली, तीन ते पाच वर्षांची वीसेक मुलं, एक ताई, एक मदतनीस. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण धरलं आहे; इथे मदतनीस धरून दोघी आहेत.

दोन कामांच्या मधला वेळ

वर्गातली ढकलाढकली नेमकी कधी होते, हे चार-पाच दिवस वेळ टाकून लिहून ठेवा. गोष्ट चालू असताना सहसा होत नाही. होते ती हात धुताना, चपला घालताना, डबे उघडायच्या आधी आणि सुटायच्या वेळी. म्हणजे मुलांना वाट बघण्यापलीकडे काही काम नसतं तेव्हा. नळ एक, मुलं वीस आणि प्रत्येकाला एक मिनिट धरलं, तरी शेवटचं मूल वीस मिनिटं उभं राहतं. तीन वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं नुसतं उभं करून 'शांत राहा' म्हणणं, आणि नाही राहिला तर त्याच्या आईला सांगणं, यात चूक कोणाची?

चौघांचा गट करून पाठवा. मदतनीस नळापाशी, तुम्ही सतरंजीवर. सतरंजीवर बडबडगीत चालू ठेवा, आणि मुद्दाम असं निवडा की मधूनच उठून गेलं किंवा येऊन मिसळलं तरी बिघडू नये. हात धुऊन आलेलं मूल थेट गाण्यात बसतं. चपलांचंही तसंच करा. डब्याच्या वेळी आधी झाकणं सैल करून घ्या, नाहीतर वीस झाकणं उघडण्यात मदतनीसताईंचे दोन्ही हात अडकतात आणि तेवढ्यात कोपऱ्यात पाण्याची बाटली सांडलेली असते.

खेळ आवरायचा असेल तेव्हा 'पाच मिनिटं राहिली' म्हणू नका. या वयाला मिनिट कळत नाही. 'अजून दोन फेऱ्या, मग गाडी घरी' हे कळतं. आणि सांगितलेल्या दोन फेऱ्या झाल्यावर खरोखर थांबवा. रोज दोनाच्या पाच झाल्या की तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

वेळापत्रक करताना कामांची यादी करतो, पण एका कामावरून दुसऱ्याकडे कसं जायचं हे कुणी लिहीत नाही. तेच लिहा. गोष्ट संपली की मुलं कुठून उठतील, कोण कुठे उभं असेल, पहिलं मूल पोहोचेल तेव्हा तिथे काय मांडलेलं असेल. एकदा नीट लिहिलं की महिनाभर पुरतं.

खोलीची मांडणी

मधली जागा मोकळी ठेवली की मूल धावणारच. ती जागाच त्याला तसं सांगते. एक बुटकं कपाट आडवं लावून बघा. ठोकळ्यांचा कोपरा दारातून येण्याजाण्याच्या वाटेत असेल तर मनोरे पडणार आणि भांडणं होणार, म्हणून तो भिंतीकडे सरकवा. वेगवेगळी दहा खेळणी आणण्यापेक्षा तीन प्रकारची, पण प्रत्येकी तीन-चार आणा. या वयात 'वाटून खेळा' हा उपदेश फारसा चालत नाही. दुसरी लाल गाडी चालते.

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात गोष्टीची वेळ बदलायची तयारी ठेवा. सर पडते तेव्हा आवाज चढवण्यात अर्थ नाही. तुमचा चढला की मुलांचाही चढतो. माती, कणीक, ठसे असली हाताची कामं तेव्हा काढावीत.

मदतनीसताईंना वर्गाबाहेर ठेवणं

ही चूक मला सगळ्यांत महाग पडणारी वाटते, आणि तिच्याबद्दल बोललं सगळ्यांत कमी जातं. ताई शिकवणार आणि मावशी शी-शू, पुसणं, नाक साफ करणं बघणार, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी आपोआप पडते. आज काय घ्यायचं आहे हे मावशींना माहीत नसतं. मग गोष्टीच्या ऐन मध्यात त्या झाडू काढतात आणि ताई वैतागते. एक नियम ताईचा, दुसरा मावशींचा. मुलं हे दोन दिवसांत ओळखतात आणि ज्याच्याकडून हवं ते मिळेल त्याच्याकडे जातात.

सकाळी मुलं यायच्या आधी दहा मिनिटं दोघींनी बसायचं. आज काय, कुठे, कोण कुठे उभं राहणार, कोणत्या मुलाकडे जास्त बघायचं, एवढंच बोलायचं. मावशींकडे अशी माहिती असते जी तुमच्या कानावर येत नाही: कालपासून अमकीचा बाबा गावाला गेलाय, तमक्याला रात्रभर खोकला होता. त्या सांगतात तेव्हा ऐका. त्यांची चूक दिसली तर मुलांसमोर टोकू नका; दुपारी, दोघीच असताना बोला. आणि अधूनमधून काम अदलाबदल करा. गोष्ट त्यांनी सांगावी, शू पुसायला तुम्ही उठावं. त्या दिवसापासून मुलांच्या लेखी वर्गात दोन ताया असतात.

उभं राहायच्या जागाही ठरवा. एक मूल रडलं की दोघी त्याच्याकडे धावतात आणि दार उघडं राहतं, असं फार वेळा होतं. रडणाऱ्याकडे एकीने जायचं, दुसरीने दाराकडे तोंड करून उरलेल्यांपाशी थांबायचं. खोली सोडताना तोंडाने सांगायचं: 'मी बाहेर चालले, आत सतरा आहेत.' आजचा आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि जागा बदलली की दर वेळी डोकी मोजा. अंगणात जाताना, परत येताना, शौचालयाहून आल्यावर. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

जून

सगळी नवी मुलं एकाच दिवशी, पूर्ण वेळासाठी बोलावणं ही सोयीची चूक. पाच-पाच जणांना पहिले काही दिवस तासाभरासाठी बोलवा, पालकांना ओसरीवर बसू द्या, मग वेळ वाढवत न्या. पालकांचा वेळ मोडतो, तक्रारी येतात; तरी महिनाभर रडण्यापेक्षा हे स्वस्त.

दुसरी चूक म्हणजे 'तो खेळतोय तोवर हळूच निघा' असं आईला सांगणं. मूल एकदा फसतं. त्यानंतर ते खेळत नाही, दाराकडे बघत बसतं. आईने सांगून, टाटा करून निघावं, पाच वेळा मागे वळून बघू नये. निघताना मूल रडेल. त्या वेळी त्याला घेणारा माणूस रोज तोच असावा. आईची ओढणी, घरची बाहुली जवळ हवी असेल तर असू द्या.

पहिला आठवडा हसत गेलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात रडायला लागलं तर घाबरू नका. नवलाई संपली आणि हे रोजचंच आहे असं त्याला कळलं, इतकंच. सोमवारी आणि आजारपणानंतर पुन्हा असं होतं.

पेन्सिल लवकर हातात देणं

'शेजारच्या शाळेत पन्नासपर्यंत लिहितात' हे वाक्य ऐकलं नाही अशी ताई नसेल. पालकांची भीती खरी आहे, पण मनगट भीतीने तयार होत नाही. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचीक असतात आणि एकेक करून पुढच्या काही वर्षांत घट्ट होतात. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलात त्यांतली जेमतेम निम्मी एक्स-रेमध्ये दिसायला लागलेली असतात. अशा हाताला रोज पानभर ठिपके गिरवायला लावलं तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यातून लिहितं आणि लिहिण्याचाच कंटाळा करायला लागतं. मग सहाव्या वर्षी आपण म्हणतो, याचं अक्षर वाईट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि पहिलीचं वय सहा. म्हणजे घाई नाही.

कणीक मळणं, कागद फाडणं, चिमट्याने कपडे लावणं, शेंगा सोलणं, ओल्या वाळूत बोटाने रेघा. हात यातूनच तयार होतो. फक्त हे पालकांना दिसत नाही, कारण वहीत उतरत नाही. म्हणून त्यांना दाखवा. महिन्यातून एकदा वर्गात बोलवून तीच कामं त्यांना करायला लावा, आणि कोणत्या कामाने कोणतं बोट कामाला लागतं ते सांगा. मोठ्या माणसाला डाव्या हाताने चिमटा वापरायला लावला की पुढचं फार समजावावं लागत नाही.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. यावर अजूनही बोलावं लागतं, हे नवल.

आपलं बोलणं

'पळू नको' यातलं 'पळू' तेवढं ऐकू येतं. 'भिंतीला धरून चाल' म्हणा. 'चला, सगळ्यांनी बसा' म्हटल्यावर अर्धी मुलं उभी राहतात, कारण 'सगळे' म्हणजे आपणही, हे तीन वर्षांच्या मुलाला अजून नक्की नसतं. नाव घ्या, जवळ जा, वाकून सांगा. 'कोणी केलं?' हा प्रश्न खोटं बोलायला शिकवतो. दोघांना समोरासमोर उभं करून वदवलेलं 'सॉरी' मला तरी कधी कामाला येताना दिसलेलं नाही. त्यापेक्षा पडलेल्याला पाणी आणून द्यायला सांगा.

घरी अहिराणी, वऱ्हाडी, पावरी किंवा हिंदी बोलणारं मूल गप्प असेल तर ते मठ्ठ नाही, ऐकतंय. त्याच्या बोलीतले चार शब्द तुम्ही शिका: पाणी, शू, आई, दुखतंय.

चावणारं मूल

विशेषतः तीनच्या आतल्या मुलांत हे होतं, शब्द अपुरे पडतात म्हणून. ज्याला चावलं त्याच्याकडे आधी जा. जागा साबण-पाण्याने धुवा, थंड फडकं धरा. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. पालकांना त्याच दिवशी कळवा, पण चावणाऱ्याचं नाव दुसऱ्या पालकांना देऊ नका. ग्रुपवर तर नाहीच. 'त्यालाही एकदा चावून दाखवा' हा सल्ला हमखास येतो, तो सोडून द्या.

मग नोंद करा: किती वाजता, कुठे, शेजारी कोण, त्याच्या आधी काय चालू होतं. आठ-दहा नोंदींत बहुतेकदा एकच जागा किंवा एकच वेळ निघते. डब्याआधीची भूक, गर्दीचा कोपरा, एकच घसरगुंडी. ती वेळ बदला, तो कोपरा मोकळा करा.

फाटक

सुटताना, मूल बोट धरून उभं असताना 'आज फार त्रास दिला हो' म्हणणं टाळा. सांगायचं ते वेगळं बोलवून सांगा. न्यायला नेहमीचं माणूस नसेल तर पालकांना फोन केल्याशिवाय मूल सोडू नका, मग तो काका म्हणत असला आणि मूल हसत असलं तरी. आणि नोव्हेंबरपासून स्नेहसंमेलनाच्या सरावाने मोकळ्या खेळाचा तास खाल्ला की वर्गातली भांडणं वाढतात, हे व्यवस्थापनाला नोंदवही दाखवून सांगा.

नोंदवही आणि पुढचा दरवाजा

'हट्टी आहे', 'एकलकोंडी आहे' असं लिहू नका. 'मागून हाक मारली, वळला नाही. समोर जाऊन बोलल्यावर आला' असं लिहा. पहिल्या नोंदीचं काही करता येत नाही. दुसरीवरून कळतं की आधी कान तपासायला हवेत. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठू शकतं, ऐकू कमी येतं आणि आपण त्याला दुर्लक्ष म्हणतो.

घड्याळ, मांडणी, माणसं बदलूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तर पालकांना निदान सांगू नका, तो आपला अधिकार नाही. नोंदी वाचून दाखवा आणि तपासणी सुचवा. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवतात. खाजगी बालवाडीतलं मूल असेल तर पालकांना जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला सांगा. जाताना तुमच्या नोंदीची प्रत सोबत द्या. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे दिसणार नाही, ते त्या दोन पानांवर असतं.